अण्णांची चिमूट

अण्णांच्या प्लेटवर एकही चंद्र नव्हता.

चंद्र हा भिंगचा शब्द. प्रयोगशाळेतली बाकीची मंडळी त्याला नुसतं वर्तुळ म्हणत. रुग्णाच्या अंगातले जंतू प्लेटवर पसरायचे, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या इवल्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर उबेत ठेवून द्यायची. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि तिथे स्वच्छ गोल उरतो. सोळा वर्षांच्या नोकरीत तिने असे हजारो गोल पट्टीने मोजले होते, आणि मोठा गोल दिसला की तो ज्या कुणाचा असेल त्याच्यासाठी तिला बरं वाटायचं. आज सकाळी तिने झाकण उघडलं, तर पांढुरका बुळबुळीत थर सगळ्या चकत्यांना अगदी भिडून उभा होता. एका चकतीवर तर तो चढलाही होता. तिने तारेची कडी टेकवून वर उचलली, तेव्हा जंतूंचा एक धागा कडीबरोबर वर आला आणि बोटभर लांब झाला तरी तुटेना. लेबलावर वडिलांचं नाव तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

साहेब म्हणाले होते, हे काम दुसऱ्या कुणाला दे. तिने ऐकलं नाही. शेवटच्या औषधाची परीक्षा चकत्यांनी होत नाही, त्यासाठी छोट्या छोट्या खळग्यांची एक रांग असते आणि दर खळग्यात औषध आधीच्यापेक्षा दुप्पट. ती रांगही तिनेच लावली, उबेच्या पेटीत ठेवली आणि हात तीनदा धुऊन वर अतिदक्षता विभागाकडे गेली. निकाल उद्या दुपारी येणार होता.

घरात तिला भिंग म्हणत. पाचव्या वर्षी तिने आजोबांचं वाचायचं भिंग पळवून कोंबडीच्या पिसांतल्या उवा मोजल्या होत्या आणि तो आकडा भर जेवणात सगळ्यांना ऐकवला होता. तेव्हापासून तिच्या हातून काही निसटत नाही असा घरात समज होता. तिचाही होता, हे जास्त वाईट.

दुपारी दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाजूच्या लहान खोलीत बोलावलं. आई, दादा, आठवा महिना लागलेली वहिनी आणि भिंग. खोलीत चारच खुर्च्या होत्या आणि खिडकी नव्हती. अण्णा नऊ दिवसांपूर्वी आले होते ते आतड्याला भोक पडून. शस्त्रक्रिया छान झाली, तिसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला तिच्या कामातल्या दोन चुकाही दाखवल्या. पाचव्या दिवशी ताप चढला आणि सहाव्या दिवशी घशात नळी गेली. आता पोटात आणि रक्तात एकच जंतू आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि नेहमीचं एकही औषध त्याला दाद देत नाही. एक औषध उरलंय. जुनं आहे, मूत्रपिंडाला मारक म्हणून मधल्या काळात मागे पडलं होतं. अण्णांची मूत्रपिंडं आधीच निम्म्यावर आलीत, ती या औषधाने पूर्ण बसू शकतात. पण निकालासाठी उद्यापर्यंत थांबणं परवडणार नाही. दुसऱ्या रुग्णालयातून औषध चार वाजता येईल आणि आल्याबरोबर पहिला डोस जाईल. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. कोलिस्टिन.

ते नाव ऐकून दादाचा चेहरा एकदम खुलला. गेल्या चार दिवसांत तो पहिल्यांदाच माणसात आल्यासारखा दिसला. भिंगला वाटलं, बिचाऱ्याने आशा धरली. बाहेर लांबलचक बोळात येताच त्याने तिचं कोपर धरलं.

"एवढंच ना? अगं, ते आपल्याकडे पोत्यानं आहे. चार वाजेपर्यंत कशाला थांबायचं, मी गाडी पाठवतो."

"काय आहे आपल्याकडे?"

"पावडर. पोत्यावर हेच नाव आहे, खाली बारीक अक्षरात. अण्णा तीस वर्षं तीच तर घालतात कोंबड्यांच्या खाद्यात."

भिंग भिंतीला टेकली. घरी त्या वस्तूला कुणी नाव घेऊन हाक मारलीच नव्हती. पावडर संपली, पावडर आणा, दहा पोत्यांना एक डबा पावडर. ती शिकायला बाहेर पडली, नोकरीला लागली, दर सुट्टीत घरी गेली, त्याच पोत्यांवर बसून गप्पा मारल्या. सोळा वर्षं ज्या औषधाच्या रांगा ती लावत होती ते तिच्या बुडाखाली होतं आणि जगातल्या प्रत्येक बाटलीवरचं लेबल वाचणाऱ्या बाईने घरचं पोतं वाचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की काही क्षण अण्णा आठवलेच नाहीत.

मग तिने दादाला समजावलं. रोज थोडं थोडं औषध मिळालं की दुबळे जंतू मरतात आणि ज्यांना ते सोसतं ते मागे राहतात, वाढतात. कोंबड्यांच्या पोटात, शेडच्या धुळीत, सगळीकडे. आपल्या घरच्या जंतूंना हे औषध तीस वर्षं ओळखीचं आहे. अण्णांना ते दिलं तर जंतूंना काहीच होणार नाही, मूत्रपिंडं तेवढी जातील.

"कोंबड्यांचं कोंबड्यांना," दादा म्हणाला. "अण्णांच्या पोटात ते कसं जाईल?"

म्हणाला खरा, पण वाक्य संपेपर्यंत त्याचाच आवाज बसला. दोघांनाही एकाच वेळी चिमूट आठवली होती.

आजोबांनी चाळीस कोंबड्यांवर धंदा सुरू केला तेव्हा घराला एक नियम घालून दिला होता: जे आपल्या तोंडात जात नाही ते पाखरांना घालायचं नाही. म्हणून रोज सकाळी खाद्य कालवून झालं की घरातलं एक माणूस त्यातली चिमूटभर जिभेवर ठेवून गिळायचं आणि मगच डबे शेडमध्ये जायचे. आजोबांनी चाखलं, नंतर अण्णांनी चाखलं. पाहुण्यांसमोर ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची. पोरांना सातव्या वर्षी पहिली चिमूट मिळे. भिंगने ती थुंकली होती. अण्णा रागावतील म्हणून पुढची सगळी वर्षं तिच्या वाट्याची चिमूटही दादाने खाल्ली, तिच्याकडे बघून डोळा मारत. त्यामुळे दादाला नाही म्हणणं तिला आजवर जमलं नव्हतं, आणि आज नेमकी तीच वेळ आली होती.

दादा तिला जिन्यापाशी घेऊन गेला. आई आणि वहिनीही मागोमाग आल्या.

"डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "उद्या तुझी ती रांग काय सांगायचं ते सांगेलच. कुठून आलं हे कशाला कळायला हवं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"उद्यापर्यंत तीन डोस जातील, दादा."

"आणि सांगितलंस तर? त्या वर कळवणार. मग माणसं येतील पांढरे कपडे घालून. अकरा हजार पाखरं आहेत. खड्डा खणायला लावतील."

खड्डा हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. दादा आठ वर्षांचा असताना रोग आला आणि एका आठवड्यात शेड आडवी झाली. उरलेली पाखरंही पुरायचा हुकूम निघाला. अण्णांनी स्वतः खणलं, आणि दादाने पोती ओढत नेली. त्यातली काही पोती हलत होती. माती लोटल्यावरही बराच वेळ ती जागा किंचित वरखाली होत होती, असं तो एकदाच, तापात, बोलला होता. अण्णा त्यानंतर दोन वर्षं शेडकडे फिरकले नाहीत. पावडर त्या खड्ड्यानंतर आली. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. पुन्हा खड्डा खणायचा नाही एवढ्यासाठी लोकांनी जे जे सांगितलं ते ते अण्णांनी खाद्यात घातलं.

"अण्णा उठले आणि शेड रिकामी दिसली तर ते जगतील असं वाटतं तुला?" दादाने विचारलं.

वहिनीने नवऱ्याची बाजू घेतली. घरातलं घरात राहू दे, ताई, औषध कदाचित लागूही पडेल, असं ती हळू आवाजात म्हणाली. भिंग म्हणाली, नाही पडणार. दादा चिडला. "तू डॉक्टर आहेस का? प्लेटा बघतेस प्लेटा." ते तिला चांगलंच लागलं. लगेच त्याचे डोळे भरून आले आणि त्याने अर्धा तास मागितला, शेडवर फोन करतो, विचार करतो म्हणाला. अडीच वाजले होते. भिंगने अर्धा तास दिला. तिने द्यायला नको होता, आणि हे तिला देतानाच कळत होतं.

भेटीची वेळ झाली म्हणून ती आईला घेऊन आत गेली. झगा, टोपी, हातमोजे. आत दिवस आहे की काय आहे ते कळत नसे, उजेड चोवीस तास एकसारखा. अण्णा चार नंबरवर. पाच नंबरवर कालपर्यंत एक म्हातारे घड्याळजी होते, आईला रोज दोन बोटं हलवून सलाम करायचे. आज ती खाट रिकामी होती आणि एक बाई तिची गादी पुसत होती. पुसून झाल्यावर तिने बादली बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली. घड्याळजींच्या रक्ताची प्लेटही सकाळी भिंगच्याच टेबलावर होती. तीही तशीच, धागा ओढला की वर येणारी. तीन नंबरच्या बाईंना सकाळपासून ताप होता आणि त्यांच्याभोवतीचा पडदा ओढलेला होता. अण्णांच्या दोन्ही बाजूंना. अण्णांना जंतू इथे आल्यावर लागला असं सगळे धरून चालले होते. अण्णाच तो घेऊन आले असतील हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. एकटी भिंग सोडून.

"पिल्लं ओरडतायत," आई म्हणाली.

"यंत्राचा आवाज आहे तो, आई."

"नाही गं. उबेतली पिल्लं. दिवा गेला की असंच करतात." आई गंभीरपणे ऐकत होती. भिंगने कान दिला आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण ते खरंच तसं होतं. बारीक, चिवट, अनेक तोंडांतून आल्यासारखं. मग नर्सने बटण दाबलं आणि आवाज थांबला.

अण्णा गुंगीत होते. डोळे मिटलेले, नळीमुळे ओठ एका बाजूला ओढलेले. पण उजवा हात चादरीबाहेर होता आणि त्याची बोटं हलत होती. अंगठा पहिल्या दोन बोटांवर सावकाश फिरत होता. नर्स म्हणाली, झटके नाहीत, डॉक्टरांनी पाहिलंय, असंच चालू असतं त्यांचं. खाद्य नीट कालवलं गेलंय का ते अण्णा असंच बघत. थोड्या वेळाने हात उचलला गेला, वीतभर वर आला, तोंडाच्या दिशेने वळला आणि नळीला अडून परत खाली पडला. मिनिटभराने पुन्हा तेच.

आईने खाटेला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे बोट केलं. "हे एवढंच?"

"हो. याच्यावरच सगळं आहे. ही थांबली तर संपलं."

"आणि ते औषध दिल्यावर ही थांबेल?"

"थांबू शकते."

आईने मान हलवली आणि अण्णांचा हात आपल्या मोजा घातलेल्या हातात धरून ठेवला. आतल्या आत बोटं फिरतच राहिली.

त्या बाहेर आल्या तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. दादा बोळाच्या टोकाला फोनवर होता. वहिनी एकटीच बाकावर बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून.

"ताई, एक विचारू? रोज चाखलं तर तो जंतू चाखणाऱ्याच्या पोटात राहतो?"

"राहू शकतो. शेडमध्ये वावरूनही येतो. निरोगी माणसाला तो काही करत नाही, गुमान पडून असतो. शस्त्रक्रिया झाली, अंगात जोर नसला, की मग उठतो."

"आणि लहान बाळाला?"

भिंगने तिच्याकडे नीट पाहिलं. "वहिनी, अण्णा इथे आल्यापासून खाद्य कोण चाखतं?"

"मीच. यांना पहाटे माल पोचवायला जावं लागतं. घरात दुसरं कोण आहे?" तिचा आवाज अगदी साधा होता. "आधीही महिन्यातून आठ-दहा दिवस मीच चाखायची. अण्णा म्हणायचे, सून चाखते म्हणजे घर टिकणार. मला बरं वाटायचं ऐकून."

पुढच्या महिन्यात तिचं पोट फाडूनच बाळ काढायचं ठरलेलं होतं. हे तिला आठवण करून द्यायची गरज नव्हती. ती बाकाला धरून उठली आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे चालायला लागली. दादाने लांबून पाहिलं आणि फोन तसाच चालू ठेवून धावत आला. तो दारापुढे उभा राहिला.

"अगं, काय करतेस? मघाशी तूच म्हणालीस ना."

उत्तर दिलं ते आईने, जी या वादात अजून एक शब्द बोलली नव्हती.

"बाजूला हो. तुझ्या बापानं भीतीपायी घातलं ते आणि मी भीतीपायी गप्प बसले. तू तरी तिला अडवू नकोस."

दादा बाजूला झाला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनच प्रश्न विचारले: रोज? आणि किती वर्षं? मग त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि फोन करून चार नंबरचा डोस थांबवायला सांगितला. औषधाची पेटी तेवढ्यात येऊन टेबलावर ठेवली गेली होती. आता एकच मार्ग आहे, त्या म्हणाल्या, पोट पुन्हा उघडून आतला पू धुऊन काढायचा, आणि त्याबरोबर दोन औषधांचं मिश्रण, खात्री कसलीच नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच जाऊही शकतात. आणि हे मला वर कळवावं लागेल. वहिनी म्हणाली, कळवा, आणि आधी माझी तपासणी करा.

संध्याकाळी अण्णांना आत नेलं, अडीच तासांनी परत चार नंबरवर आणलं. टेबलावर गेले नाहीत, एवढंच. तीन नंबरची खाट तोवर रिकामी झाली होती. दादा बायकोशी बोलला नाही, बहिणीशीही नाही. तो बोळातल्या खिडकीपाशी उभा राहून आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगने पेटी उघडली. अण्णांची रांग तिने उजेडात धरली. पहिला खळगा गढूळ, दुसरा गढूळ, तिसरा, चौथा. जंतू मेले तर पाणी स्वच्छ राहतं. ती पुढे सरकत गेली, प्रत्येक वेळी दुप्पट औषध, आणि प्रत्येक तळाशी तोच पांढरा ठिपका. शेवटच्या खळग्यात, जिथे माणसाला देताच येणार नाही इतकं औषध होतं, तिथेही तो होता. म्हणजे काल तो डोस गेला असता तर फुकटच गेला असता, अण्णांना घेऊन. अण्णांची पिशवी आज सकाळी काठोकाठ भरली होती. भिंगला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

मग तिने दुसरी प्लेट काढली. हिच्यात ते औषध थेट मिसळलेलं होतं, साध्या जंतूने उगवूच नये असं. तिने झाकण उचललं आणि बराच वेळ बघत उभी राहिली. कडी टेकवायची खरं तर गरज नव्हती. तिने टेकवली. धागा वर आला.

ती दोन कागद घेऊन वर आली तेव्हा तिघंही बाकावर बसली होती. दादा उठला.

"अण्णांचं काय आलं?"

तिने त्याला आधी दुसरा कागद दिला. वर वहिनीचं नाव होतं. त्याने तो वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलट करून वाचला.

"बाळाला होईल?"

"माहीत नाही, दादा. होईलच असं नाही. आता माहीत आहे म्हणून डॉक्टर तयारीत राहतील. काल कळलं नसतं तर तेही नसतं."

तो बायकोच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "डॉक्टरांना सांग, ज्यांना कळवायचं असेल त्यांना माझा नंबर द्या. मी थांबतो शेडवर, ते येतील तेव्हा." वहिनीने कागद त्याच्या हातातून घेतला आणि घडी घालून आपल्याजवळ ठेवला.

इतक्यात आतून नर्सचा आवाज आला. चार नंबरचे नातेवाईक कोण आहेत, या, आजोबांनी डोळे उघडलेत, कुणाला तरी शोधतायत.

चौघंही एकदम उठली आणि दारापाशी गेली. काचेतून चार नंबरची खाट दिसत होती, अण्णांची मान दाराकडे वळलेली होती. दाराला स्टीलची मूठ होती, रोज शंभर माणसं धरतात तशी साधी. आईने दादाकडे पाहिलं, दादाने वहिनीकडे, वहिनीने भिंगकडे. भिंगने स्वतःचा नमुना अजून घेतला नव्हता, दादाचा आणि आईचाही नाही. अण्णा वाट बघत होते, आणि दार उघडायला चौघांपैकी कुणाचाही हात पुढे होईना.